शौचकूप मोजले, वेळ मोजायची राहिली

शाळा-तपासणीच्या तक्त्यात शौचालयांसाठी रकाने असतात : मुलांची किती, मुलींची किती, चालू किती. पण ज्या मुलाचे पोट नाजूक आहे, त्याला निकडीच्या वेळी त्यांतले एक तरी वापरता येते का, हा प्रश्न रकान्यात मावत नाही. म्हणून आज त्या मोजपट्टीचीच तपासणी करू.

'स्वच्छ विद्यालय' मोहीम २०१४ साली सुरू झाली. तिच्या हस्तपुस्तिकेने साधारणपणे ४० विद्यार्थ्यांमागे एक शौचकूप व तीन मुताऱ्या असे प्रमाण सुचवले. पाणी, साबण, देखभाल यांविषयीही तीत लिहिले आहे. परंतु ऑगस्ट २०१५ मध्ये जाहीर झालेला आकडा बांधकामाचा होता : २ लाख ६१ हजार शाळांत ४ लाख १७ हजार शौचालये. काम मोठे होते, यात शंका नाही. मात्र सार्वजनिक उपक्रमांनी शाळांत बांधलेल्या शौचालयांवरचा महालेखापरीक्षकांचा अहवाल २०२० साली संसदेपुढे आला. पाहणीतल्या, खरोखर बांधून झालेल्या २,३२६ शौचालयांपैकी ७२ टक्के शौचालयांत वाहते पाणी नव्हते.

समजा, पाणी आहे. तरी हिशेब करून पाहा. छोटी सुट्टी १० मिनिटांची. शौच, धुणे, हात धुणे यांस एका मुलाला ५ मिनिटे लागतात असे धरू. म्हणजे एका शौचकुपावर एका सुट्टीत दोनच मुले. मुलींना लघवीसाठीही बहुधा तेच वापरावे लागते. त्यामुळे रांग आणखी वाढते. ज्याला वेळ लागतो, त्याच्याच दारावर थापा पडतात. असे मूल लवकरच एक युक्ती शिकते : दाबून धरायचे.

इथे शरीरशास्त्र समजून घेतले पाहिजे. अन्न जठरात पोचले की मोठ्या आतड्याची हालचाल वाढते. म्हणून न्याहारीनंतर किंवा डबा खाल्ल्यावर कळ येते. ती मुलाची खोड नव्हे. गुदद्वाराशी दोन गोल स्नायू असतात. आतला आपल्या ताब्यात नसतो, बाहेरचा असतो. बाहेरचा आवळून धरला की थोड्या वेळाने कळ ओसरते, पण मळ तिथेच राहतो. आतडे त्यातले पाणी शोषत राहते आणि मळ कडक होतो. पुढच्या वेळी दुखते, म्हणून मूल आणखी धरून ठेवते. हे चक्र चालू राहिले तर मलाशय ताणले जाते आणि कळ जाणवेनाशी होते. मग कडक मळाच्या कडेने पातळ मळ झिरपतो व कपड्यांना लागतो. शिक्षकांना वाटते जुलाब झाले, वर्गमित्रांना वाटते घाणेरडेपणा. खरे कारण असते बद्धकोष्ठता. शाळेत जावे लागू नये म्हणून काही मुले पाणीही पीत नाहीत. नागपूरच्या उन्हात याचा परिणाम काय होईल, ते सांगायला नको.

नागपुरात धंतोली ही दवाखान्यांची वस्ती. विदर्भभरातून पालक मुलांना घेऊन तिथे येतात. तिथे रेचक मिळते, आहार सांगितला जातो आणि 'ठरलेल्या वेळी बसण्याची सवय लावा' असेही सांगितले जाते. सल्ला योग्यच आहे. न्याहारीनंतर पायांना आधार देऊन ५ ते १० मिनिटे शांत बसल्याने खरोखर फायदा होतो. पण घरी लावलेली सवय शाळेत पाच तास मोडली जात असेल, तर औषध काय करणार? आणि ज्याला वारंवार पातळ शौचास होते, त्याच्यासाठी ठरलेली वेळ ही कल्पनाच निरुपयोगी आहे. आपण मुलाच्या आतड्याला वेळापत्रक शिकवू पाहतो. वेळापत्रकाला आतडे शिकवत नाही.

घाणीची भीतीही तपासून घ्यावी. पायाला किंवा मांडीला घाण लागल्याने जुलाब होत नाहीत. रोगजंतू बहुतेक हातावाटे तोंडात जातात. तेव्हा कडी, नळ आणि साबण यांचे महत्त्व फरशीच्या चकाकीहून अधिक आहे. अल्कोहोलचा द्रव साबणाची जागा घेऊ शकत नाही. जंतांच्या अंड्यांवर त्याचा उपयोग होत नाही.

मग मोजायचे काय? वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी आठवडाभर एवढेच नोंदवावे : सुट्टीत रांग किती, आत पाणी, कडी व उजेड आहे का, साबण आहे का, शेवटची सफाई केव्हा झाली. कोण आत गेले, हे मात्र नोंदवू नये. मुख्याध्यापकांनी अशा मुलाला तासाला न विचारता बाहेर जाण्याची कायमची मुभा द्यावी, शिक्षकांचे शौचालय वापरू द्यावे आणि कपड्यांचा एक जोड शाळेत ठेवू द्यावा. यांस अनुदान लागत नाही. मळात रक्त, वजनात घट, वारंवार उलट्या, ताप किंवा झोपेतून उठवणारी पोटदुखी असेल, तर मात्र पालकांना डॉक्टरांकडेच पाठवावे.

पचनसंस्थेचा धडा आपण मोठ्या आतड्यापाशी संपवतो आणि आकृतीला नावे द्यायला सांगतो. त्या आकृतीतले शेवटचे नाव ज्या मुलाला रोज छळते, ते त्याच वर्गात, बहुधा मागच्या बाकावर, पोट आवळून बसलेले असते. त्याला परवानगी मागावी लागू नये, एवढी सोय झाली तरी तो धडा पूर्ण झाला म्हणता येईल.