आरएनए-बंधक प्रथिने व बीजांकुरण : पुराव्याची चिकित्सा

प्रस्तावना :
पक्व, शुष्क बीज निष्क्रिय भासत असले तरी त्यात संदेशवाहक आरएनएचा साठा असतो. अरॅबिडोप्सिस या मोहरीच्या कुळातील वनस्पतीवरील २००४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात नव्या आरएनएची निर्मिती रोखल्यावरही मूलांकुर बाहेर पडला. प्रथिननिर्मिती रोखल्यावर मात्र अंकुरण झाले नाही. अंकुरणाचा आरंभ साठवलेल्या संदेशांवरही होऊ शकतो, हे यावरून स्पष्ट होते. साहजिकच आरएनएला बांधणाऱ्या प्रथिनांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले गेले. तथापि या प्रथिनांविषयीचे सर्व दावे सारख्याच भक्कम पायावर उभे नाहीत.

विवेचन :
एचवायएल१ या प्रथिनाचा अभाव असलेली रोपे ॲब्सिसिक आम्ल या सुप्तताकारक संप्रेरकाला अतिसंवेदनशील असतात, हे २००० साली दिसून आले. हे निरीक्षण म्हणजे कारणमीमांसा नव्हे. हे प्रथिन सूक्ष्म आरएनएच्या निर्मितीत साहाय्य करते, हे २००४ मध्ये समजले. पुढे २००७ मध्ये अंकुरणकाळी हे संप्रेरक एका सूक्ष्म आरएनएमार्फत दोन नियामक जनुकांचे संदेश नष्ट करवते, असे आढळले. त्यामुळे पूर्वीच्या निरीक्षणाला संभाव्य अर्थ लाभला.

एफसीएचे उदाहरण याच्या नेमके उलट आहे. हे आरएनए-बंधक प्रथिनच ॲब्सिसिक आम्लाचे ग्राही आहे, असा दावा २००६ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा भर फुलोऱ्यावर असला तरी संप्रेरक तेच असल्याने बीजाभ्यासकांनाही तो महत्त्वाचा वाटणे स्वाभाविक होते. परंतु न्यूझीलंडमधील संशोधकांना त्या बंधनाचा पुरावा मिळाला नाही आणि २००८ मध्ये मूळ लेख मागे घेण्यात आला. २००९ मध्ये पीवायआर कुळातील ग्राही प्रथिने उजेडात आली. अंकुरण रोखणाऱ्या पायराबॅक्टिन या रसायनाला न जुमानता रुजणाऱ्या बीजांतून त्यांतील एका प्रथिनाचा माग लागला. ही प्रथिने आरएनए-बंधक नाहीत.

समारोप :
जनुक निकामी केल्यावर अंकुरण बदलते, एवढ्यावरून प्रथिनाचे कार्य सिद्ध होत नाही. प्रथिन कोणत्या संदेशाला, बीजाच्या कोणत्या अवस्थेत बांधते आणि ते बंधन तोडल्यास काय घडते, हे थेट दाखवावे लागते. एफसीएची चूक स्वतंत्र पडताळणीमुळे उघड झाली, ही या शास्त्राची जमेची बाजू होय. मात्र मागे घेतलेला दावा संदर्भांतून पुढे चालत राहणार नाही, ही दक्षता प्रत्येक अभ्यासकाने घेणे अगत्याचे आहे.