उपाहारगृहांचे एक पक्षपाती परीक्षण

नाटकाचे परीक्षण करणाऱ्याला एक सोय असते. पडदा पडला की नाटक संपते आणि घरी जाऊन तो निवांतपणे त्याचे बरेवाईट ठरवू शकतो. ग्रंथपरीक्षकाची सोय तर त्याहून मोठी. पुस्तक बिचारे टेबलावर पडून असते, कुठे पळून जात नाही. पण उपाहारगृहाचे परीक्षण करावे कसे? आज खाल्लेला वडा आज संपला. उद्याचा वडा निराळा, तळणारा कदाचित निराळा, आणि खाणारा तरी काल होता तोच असेल याचा काय भरवसा? हल्ली वर्तमानपत्रांतून हॉटेलांना तारका वाटण्याची पद्धत पडली आहे. परीक्षक एक दिवस येतो, चार पदार्थ मागवतो, निम्मे टाकतो आणि साडेतीन तारका देऊन चालता होतो. ज्याला त्या घरात रोज जेवायचे नाही त्याने स्वयंपाकिणीला गुण देण्यासारखाच हा प्रकार झाला.

माझी पात्रता याच्या अगदी उलट आहे. मला चार देशांच्या पाकशास्त्राचे ज्ञान नाही. मी दादर पूर्वेच्या एका चाळीत जन्मलो, मधली काही वर्षे मुलुंडला काढली आणि पुन्हा दादरला येऊन राहिलो. दादर, माटुंगा आणि क्वचित गिरगाव एवढ्या टापूत मी उभे आयुष्य खात आलो आहे. तेव्हा हे परीक्षण पक्षपाती आहे, हे आधीच सांगून टाकतो.

आमच्या लहानपणी 'हॉटेलात जाणे' हा शब्दप्रयोग 'वाईट संगतीला लागणे' याच्या शेजारी राहत असे. आईच्या मते हॉटेलात तेच जातात ज्यांना घर नसते किंवा घरी करणारे कोणी नसते. म्हणूनच १९५८ सालच्या एका संध्याकाळी अण्णांनी मला कोपऱ्यावरच्या इराण्याकडे नेले तेव्हा पायरी चढण्यापूर्वी ते म्हणाले, "बाळ, घरी बोलायचं नाही हं." संगमरवरी टेबल, वाकवलेल्या काळ्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीवर भलेथोरले आरसे, गल्ल्याजवळ बिस्किटांच्या काचेच्या बरण्या! अण्णांनी चहा बशीत ओतला, ब्रूनमस्क्याचा तुकडा त्यात बुडवला आणि आरशात स्वतःकडे पाहिले. घरी कधी न दिसणारा एक माणूस त्या दिवशी मला दिसला.

इराण्याच्या चहाची तारीफ पुष्कळांनी केली आहे, म्हणून मी ती करीत नाही. खरे म्हणजे तो चहा थोडा जास्तच उकळलेला असतो. इराण्याचा मोठेपणा चहात नव्हता, जागेत होता. कोपऱ्यावरची जागा आपल्या लोकांना अशुभ वाटे, म्हणून ती इराण्यांना मिळाली, असे सांगतात. खरेखोटे कसेही असो, पण त्या कोपऱ्यात दोन्ही रस्त्यांवरची माणसे येत. धोबीतलावावरचे कयानी १९०४ सालचे, बॅलार्ड इस्टेटमधले ब्रिटानिया १९२३ सालचे, किंग्ज सर्कलचे कूलर १९३२ सालचे. त्याच काळात आमच्या मराठी मंडळींच्या कितीतरी खानावळींच्या पाटीवर 'ब्राह्मणांची' हा शब्द पदार्थाच्या नावाआधी येई. पाटी रंगवणाऱ्याला तो स्वच्छतेचा दाखला वाटत असेल. बाहेर उभ्या असलेल्या भुकेल्या माणसाला तो कसा वाटत असेल, याचा विचार आम्ही कधी केला नाही. इराण्याने कोणाची जात विचारली नाही. त्याच्याकडे पडद्याआड कुटुंबासाठी निराळी खोली असे, आणि आईसुद्धा पुढे एकदा, एकदाच, त्या पडद्याआड बसून खारी बिस्किट खाऊन आली. आमच्या कोपऱ्यावरच्या त्या इराण्याच्या जागी आता औषधांचे दुकान आहे.

आता मराठी उपाहारगृहांकडे वळतो. जाता जाता एक शुद्धलेखनाची तक्रार. पुष्कळ पाट्यांवर 'उपहारगृह' असे लिहिलेले असते. उपाहार म्हणजे फराळ, उपहार म्हणजे भेट. पण भेट कसली, गल्ल्यावर रोख पैसे मोजल्यावाचून कोणी दाराबाहेर पडू देत नाही!

दादर स्टेशनाजवळच्या मामा काण्यांचे नाव १९१० सालापासूनचे. बटाटेवडा हा पदार्थ घरातून उठून टेबलावर आला तो अशाच मंडळींच्या हातून. पुढे १९६६च्या सुमारास दादर स्टेशनाबाहेरच अशोक वैद्यांनी तो पावात घातला असे मानतात, आणि मग त्याला टेबलाचीही गरज उरली नाही. पावात गेल्यावर वडा मोठा झाला, तिखट झाला, आणि माझ्या मते थोडा उद्धटही झाला. नुसत्या वड्यात आले, लिंबू, कोथिंबीर यांची जी चाहूल लागते ती लसणाच्या लाल चटणीखाली दबून जाते. पण गाडी पकडायच्या घाईत असलेल्या माणसाशी सौंदर्यशास्त्राची चर्चा करू नये.

शिवाजी पार्काजवळच्या प्रकाशमध्ये साबुदाणावडा खावा आणि वर पियूष प्यावे, असा दादरचा जुना शिरस्ता आहे. साबुदाणावडा हा कठीण पदार्थ. साबुदाणा कमी भिजला तर दाताखाली टचटचतो, जास्त भिजला तर तेलात फुटतो. बाहेरचे कवच कुरकुरीत आणि आत दाणा न् दाणा मऊ, पण लगदा नाही, असा वडा घरी दहांतून तीनदा जमतो. माझ्या बायकोला हे वाक्य वाचून दाखवले. तिने ते छापायला हरकत घेतली नाही, यावरून ते खरे असावे. आणि इथेच मला मराठी उपाहारगृहांच्या एका लाडक्या शब्दाशी भांडायचे आहे. तो शब्द म्हणजे 'घरगुती'. 'घरगुती चव', 'घरगुती जेवण'. अहो, घरगुती चव घरी मिळते! घरच्या आमटीत आज मीठ जास्त, उद्या गूळ विसरला, परवा पाहुणे आले म्हणून पाणी वाढले. त्या चुकांसकट ती आपली असते. उपाहारगृहाची कला याच्या नेमकी उलट आहे. तिथे मंगळवारचा वडा सोमवारच्या वड्यासारखा लागला पाहिजे. शेकडो अनोळखी माणसांसाठी, रोज, न रुसता, तोच वडा तळणे हे घरकाम नव्हे, कारागिरी आहे. तिला घरगुती म्हणणे म्हणजे मूर्तिकाराला 'अगदी आमच्या मुलासारखी माती मळतो' असे म्हणण्यापैकी आहे.

आस्वाद हे १९८६ सालचे, म्हणजे माझ्या हिशेबाने नवेच. त्याच्या मिसळीला २०१५ साली लंडनमध्ये जगातल्या सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थाचा मान मिळाला आणि दारातली रांग रस्त्यावर आली. त्या रांगेत मीही उभा राहिलो आहे. मिसळ चांगलीच आहे. पण ती दादरची मिसळ आहे, शिकलीसवरलेली, बेताने बोलणारी. कोल्हापूरच्या कटाने डोळ्यांत पाणी आणले की माणसे स्वतःला शूर समजू लागतात. दादरच्या मिसळीत तो पराक्रम नाही. मटकीची चव मटकीसारखी लागते. मला विचाराल तर तिथे मी मिसळ मागवीत नाही. थालीपीठ मागवतो आणि वरचा लोण्याचा गोळा वितळायच्या आत पहिला घास घेतो. बक्षीस एका पदार्थाला मिळाले की बाकीच्या पदार्थांकडे कोणी पाहत नाही, हे साहित्यातही पुष्कळदा घडते.

मासे खाणाऱ्यांनी गोमांतक किंवा सिंधुदुर्ग गाठावे. तिसऱ्या, बांगडा आणि सोलकढी यांविषयी मी तज्ज्ञ नव्हे. आमच्या घरात मासे वर्ज्य आणि माझा सारा अनुभव मित्रांच्या ताटांतला. गिरगावात खोताच्या वाडीत अनंताश्रम होते, तिथल्या आमटीभाताची ते मित्र अजून आठवण काढतात. ते आता नाही.

पण खऱ्या अर्थाने या शहराला जेवू घालणाऱ्या खानावळींना पाटीच नव्हती. परळ-लालबागच्या चाळींत दहा बाय दहाच्या खोल्यांतून गिरणीकामगारांच्या बायका, विधवा, टाकलेल्या बायका दहा-दहा, वीस-वीस माणसांचा स्वयंपाक करीत. कोकणातून, घाटावरून एकटा आलेला कामगार पाळीनुसार येऊन जेवून जाई. पगाराला पैसे देई, कधी न देई. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. सावकाराकडून उधारीवर धान्य आणणाऱ्या बायकांना बँकेचे कर्ज मिळू लागले. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप झाला तेव्हा जेवणारेच उरले नाहीत. त्या बायकांच्या वांग्याच्या भाजीचे परीक्षण कोणी लिहिले नाही. मीही ती खाल्लेली नाही. दादरचा पूल ओलांडून त्या बाजूला जेवायला जावे असे माझ्या वर्गाला कधी सुचलेच नाही. या लेखातली ही उणीव मी मान्य करतो.

राहता राहिले माटुंगा. कॅफे मद्रास, राम आश्रय, मणीज् आणि १९४२ सालचे रामा नायकांचे श्रीकृष्ण बोर्डिंग. ही सारी दक्षिणेकडून आलेल्या मंडळींनी या टापूत मांडलेली चूल. १९६६ नंतरच्या काही वर्षांत मुंबईत दाक्षिणात्यांविरुद्ध वारे सुटले होते, उडुपी हॉटेलांच्या काचा फुटल्या होत्या. आमच्या चाळीतले काहीजण त्या घोषणा देऊन आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी इडली खायला माटुंग्यालाच गेले. मराठी माणसाचे सगळे राग जिभेपाशी येऊन थांबतात!

या बोर्डिंगांपैकी एकाची गोष्ट सांगायची आहे. कुठले ते मुद्दामच सांगत नाही.

आई १९७९ साली गेली. मी तेव्हा मुलुंडला होतो. अण्णांनी आमच्याकडे यावे म्हणून मी आणि माझी बायको पुष्कळ मागे लागलो. ते आले नाहीत. त्यांनी माटुंग्याच्या एका बोर्डिंगात कुपनांचे पुस्तक काढले आणि दोन्ही वेळा चालत जाऊन तिथे जेवू लागले. ज्या घरात हॉटेल हा शब्द दबक्या आवाजात उच्चारला जाई, त्या घरचा कर्ता पुरुष केळीच्या पानावर परक्याच्या हातचे जेवू लागला. नातेवाईक मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणत, "मुलगासून असून बाप बोर्डिंगात जेवतो!" मला ते फार लागे. अण्णांचा हट्ट मला माझा अपमान वाटे. एकदा मी त्यांना रागाने विचारलेसुद्धा, "तिथे असं काय मिळतं जे आमच्याकडे मिळत नाही?" ते म्हणाले, "तिथे मी जेवलो की नाही, आवडलं की नाही, हे कोणी माझ्या तोंडाकडे बघून ठरवत नाही."

त्या वेळी मला ते उत्तर कठोर वाटले. आम्ही दोघे खरोखरच त्यांच्या प्रत्येक घासाकडे पाहत असू. आईच्या हातचे आठवत असेल का, या काळजीने. त्यांना त्या काळजीचेच ओझे होत असावे. बोर्डिंगात वाढपी यायचा, भात वाढायचा, रसम ओतायचा, पुढच्या पानाकडे जायचा. न विचारता वाढणे आणि न विचारता पुढे जाणे, दोन्ही त्याला येत होते. दुःखातल्या माणसाशी कसे वागावे हे आम्हा जवळच्यांना जमले नव्हते.

१९८८ साली अण्णा गेले. दिवस झाल्यावर त्यांच्या कोटाच्या खिशात कुपनांचे पुस्तक सापडले. अकरा कुपने उरली होती. मी ते घेऊन बोर्डिंगात गेलो. गल्ल्यावरच्या मालकांनी पुस्तक पाहिले, नाव वाचले, थोडा वेळ माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "पैसे घेणार, की जेवणार?"

मी जेवायला बसलो. वाढप्याने पान मांडले, पाणी शिंपडले. भाजी, कोशिंबीर, पापड, भात, रसम असे सारे क्रमाने आले. शेजारच्या पानावर दही पडले, माझ्या पानावर नाही. मला वाटले विसरला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. अण्णांना दही सोसत नसे. मला ते फार आवडते. चौथ्या दिवशी मी हात वर करून दही मागितले. वाढपी क्षणभर थबकला, आणि मग त्याने माझ्या पानावर दोन वाढणी दही घातले.