सासूबाईंचे घड्याळ

यासुजिरो ओझू यांच्या १९५३ सालच्या ‘टोकियो स्टोरी’ या बोलपटाचा विषय निघाला, की एक ठरीव वाक्य हटकून कानी येते : यंत्रयुगाने जुने जपानी कुटुंब गिळले. वाक्य गोंडस खरे, पण चित्रपटाशी त्याचा मेळ बसत नाही.

कथा एवढीशी. ओनोमिची गावचे म्हातारे जोडपे आगगाडीने टोकियोला मुलांकडे येते. थोरला डॉक्टर, मुलगी शिगे केशभूषेचे दुकान चालवणारी. सवड कोणालाच नाही. युद्धावरून न परतलेल्या मुलाची बायको नोरिको तेवढी कचेरीतून रजा काढते, त्यांना बसमधून शहर दाखवते आणि आपल्या एका खोलीत जेवू घालते. पाहुणचारासाठी शेजारणीकडून साके उसनी आणते! गावी परतताच म्हातारी अंथरूण धरते, आणि जाते.

ओझूंनी टोकियोची धुराडी दाखवली आहेत, हे कबूल. पण आरंभी ओनोमिचीतल्या घरांजवळूनही आगगाडीच धडधडत जाते. आणि डॉक्टर मुलगा आईबापांना रविवारी फिरायला नेणार, तोच एका आजारी पोराच्या घरून बोलावणे येते. त्याने काय करावे?

मग रीतभात सांभाळते कोण? शिगे! आई अत्यवस्थ असल्याची तार येताच सुतकाचे कपडे बरोबर न्यायचे तिलाच सुचते. अंत्यविधीनंतरच्या जेवणात आईचा किमोनो आठवण म्हणून मागतेही तीच. उलट रेल्वेत नोकरी करणारा धाकटा केइझो देवळात मंत्रपठण चालू असताना बाहेर येऊन बसतो. लाकडी वाद्याच्या ठोक्यागणिक आई लहान लहान होत चालली, असे त्याला वाटते. आमच्यासारख्या मास्तरकी करणाऱ्यांना शिस्तीचे फार कौतुक. तरी इथे माझे मन शिगेबरोबर आत थांबले नाही, केइझोबरोबर बाहेर आले.

सासरा नोरिकोला जे देतो, ते सासूबाईंचे घड्याळ. पिढीजात माया सुनेच्या हाती येते ती अशी एका यंत्रातून. यंत्रावर ओझूंचा राग असता, तर त्यांनी तिच्या ओंजळीत दुसरे काही ठेवले असते.

परतीच्या गाडीत ती ते उघडून पाहते. इकडे ओनोमिचीत म्हातारा एकटाच पंख्याने वारा घेत बसलेला. खाली बंदरात बोटीचे इंजिन वाजत असते.