रांगेतून पुढे आलेला संचालक : रॉबर्ट शॉ यांचे वृंदगान

पाश्चात्त्य संगीत-संचालकांची चरित्रे वाचताना एक क्रम पुन्हा पुन्हा भेटतो. लहानपणी पियानो किंवा व्हायोलिन, मग संगीत विद्यालय, ऑपेरागृहात उमेदवारी आणि अखेर हातात बॅटन. रॉबर्ट शॉ (१९१६–१९९९) या क्रमात बसत नाहीत. कॅलिफोर्नियातल्या रेड ब्लफ गावी ते एका धर्मोपदेशकाच्या घरी जन्मले. गाणे घरात आणि चर्चमध्ये होतेच. रीतसर शिक्षण मात्र संगीताचे नव्हते. पोमोना कॉलेजात शिकताना धर्मोपदेशक व्हायचे त्यांच्या मनात होते आणि कॉलेजच्या ग्ली क्लबात ते इतरांबरोबर गात होते. नेहमीचे शिक्षक नसताना क्लबाचे संचालन त्यांच्याकडे आले. चित्रपटाच्या कामासाठी तिथे आलेले लोकप्रिय बँडप्रमुख फ्रेड वेअरिंग यांनी १९३७ साली ते ऐकले. पुढच्याच वर्षी शॉ न्यूयॉर्कला, वेअरिंग यांच्या गायकवृंदाच्या तयारीला लागले.

पुढची कीर्ती सर्वांना ठाऊक आहे. बेथोव्हनच्या नवव्या सिंफनीसाठी त्यांनी तयार केलेल्या वृंदावर तोस्कानिनी खूश झाले, ही गोष्ट त्यांच्याबद्दल लिहिणारा प्रत्येक जण सांगतो. मला ती दुय्यम वाटते. गाणाऱ्याच्या जागेवरून विचार करून त्यांनी तालमीची जी रीत घडवली, तिच्यात त्यांचे खरे काम आहे, आणि ती रीत मुख्यतः हौशी गळ्यांसाठी होती.

रीत अशी. नवी रचना हाती आली की शॉ तिचे शब्द बाजूला ठेवत. गायकांनी आपापले स्वर गायचे, पण शब्दांच्या जागी मात्रांचे आकडे म्हणायचे : वन अँड टू अँड टी अँड फोर अँड. ‘थ्री’चे ‘टी’ मुद्दाम केलेले, कारण ‘थ्र’ उच्चारताना जीभ रेंगाळते आणि स्वर क्षणभर उशिरा उगवतो. हे सगळे अगदी हलक्या आवाजात. गळे थकत नाहीत हा त्याचा व्यवहारी फायदा. दुसरा म्हणजे शेजारच्याचा स्वर ऐकू येतो. लांबवलेला स्वरही आतून मोजला जात असल्याने तो कुठे संपवायचा हे दोनशे जणांना एकाच क्षणी कळते.

आपल्याकडे तबल्याचा विद्यार्थी बोल आधी तोंडाने म्हणतो, मग हाताने वाजवतो. त्याला या रीतीचे नवल वाटणार नाही. फरक आहे तो वृंदाच्या रचनेत. भजनी मंडळात सगळे एकच चाल गातात आणि लय टाळ-मृदंग सांभाळतात. पोवाड्यात झीलकरी शाहिराची ओळ उचलून धरतात, पण ओळ शाहिराचीच राहते. युरोपीय वृंदगानात चार आवाज चार वेगळ्या वाटांनी जातात, आणि लय धरणारे वाद्य अनेकदा सोबत नसते. संचालकाचा हात दिसतो, ऐकू येत नाही. शॉ यांनी लय हातातून काढून प्रत्येकाच्या कंठात ठेवली. रांगेत उभे राहून गायलेल्या माणसालाच हे सुचावे.

ही रांग कोणाची असावी, याबद्दलही त्यांची भूमिका पक्की होती. १९४१ साली त्यांनी न्यूयॉर्कमध्ये कॉलेजिएट कोराल काढले. नाव मिळाले ते जिथे तालमी सुरू झाल्या त्या मार्बल कॉलेजिएट चर्चवरून. वृंदात काळे, ज्यू, कॅथलिक असे सगळे होते. चर्चकडून त्याला हरकत आली तेव्हा वृंदाने जागा सोडली, माणसे सोडली नाहीत. याच वृंदाने १९४६ साली हिंडेमिथ यांची व्हिटमनच्या लिंकन-विलापिकेवरची रचना पहिल्यांदा सादर केली. ती शॉ यांनीच मागवली होती. गंमत अशी की हा लोकशाहीवादी माणूस तालमीत भलताच कडक होता, रागीटसुद्धा. मग तो गायकांना लांबलचक पत्रे लिहीत असे. मायना असायचा ‘डिअर पीपल’. आपण ‘लोकहो’ म्हणू.

१९४८चे रॉबर्ट शॉ कोराल व्यावसायिक गायकांचे. १९६२ साली, क्यूबाच्या पेचप्रसंगाच्याच काळात, ते सोव्हिएत रशियात बाखचा बी मायनर मास गाऊन आले. ॲलिस पार्कर यांच्यासह केलेली स्पिरिच्युअल गीतांची त्यांची रूपे अमेरिकेत घरोघर पोचली. माझे मत विचाराल तर ती फारच घोटीव आहेत. गुलामीतून आलेल्या त्या गाण्यांचा खरखरीतपणा सुबक स्वरमेळाखाली झाकला जातो. मोजून गाण्याची किंमत इथे दिसते.

तीच मोजणी ब्राम्समध्ये फळाला येते. मधली वर्षे शॉ क्लीव्हलंडला जॉर्ज सेल यांच्या हाताखाली होते. १९६७ साली ते अटलांटाच्या सिंफनीचे संचालक झाले. (त्याच वर्षी मुंबईत व्हिक्टर परांज्योती यांच्या वृंदाची धुरा कूमी वाडिया यांच्याकडे आली. त्यांच्या अर्धशतकाच्या कामावर मराठीत जवळजवळ काहीच लिहिले गेलेले नाही.) अटलांटात शॉ यांनी दिवसभराची नोकरी आटोपून येणाऱ्या बिनपगारी गायकांचा वृंद उभा केला. १९८०च्या दशकातले त्यांचे ‘जर्मन रिक्विएम’चे ध्वनिमुद्रण ऐकावे. एवढे आवाज, पण कुठे गढूळपणा नाही. खालच्या पट्टीतले पुरुषी स्वरही स्पष्ट उमटतात. नाट्य थोडे कमी पडते, हे खरे. मोजक्या गळ्यांनी बाख गाणाऱ्या पुढच्या पिढीला शॉ यांचा मोठा वृंद जुनाटही वाटला असेल. पण तिथे कोणाचाही आवाज वेगळा काढून दाखवता येत नाही, आणि एकल गायकीवर वाढलेल्या आपल्या कानांना गुण कोणाला द्यावेत हेच कळेनासे होते.

१९८८ साली निवृत्त होण्याआधी हा हौशी वृंद पूर्व बर्लिनमध्ये, भिंत उभी असताना, नववी सिंफनी गायला. नंतर, १९९०पासून, शॉ कार्नेगी हॉलमध्ये वृंदसंचालकांसाठी कार्यशाळा घेऊ लागले. देशभरातून आलेली ही संचालक मंडळी तिथे संचालन करत नसत. सोप्रानो, आल्टो, टेनर, बास अशा रांगांत ती पुन्हा गायक म्हणून बसत आणि हलक्या आवाजात आकडे म्हणत : वन अँड टू अँड टी अँड.