आकडे होते, विचारलं कोणी?

ऑडिट म्हणजे आकडे गोळा करणं असं वाटत असेल, तर इयान केनेडी यांच्या समितीचा २००१ चा ब्रिस्टल अहवाल वाचाच. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये १९८४ ते १९९५ या काळात मुलांवर झालेल्या हृदयशस्त्रक्रियांची ही चौकशी. निष्कर्ष असा: १९९१ ते १९९५ मध्ये ओपन हार्ट सर्जरीनंतर एक वर्षाखालची ३० ते ३५ बाळं इतर केंद्रांच्या मानाने जास्त दगावली.

आकडे नव्हते असं नाही. भूलतज्ज्ञ स्टीफन बोल्सिन यांनी स्वतः नोंदी जमवून शंका मांडली होती. पण त्या शंकेला उत्तर द्यायची जबाबदारी नक्की कोणाची, हेच स्पष्ट नव्हतं.

अहवाल फक्त सर्जनवर खापर फोडून थांबत नाही, ही त्याची ताकद. ऑपरेशन एका रुग्णालयात आणि बालहृदयतज्ज्ञ दुसऱ्या, ही अडचणही तो दाखवतो. नुसत्या मृत्युदरातून ती दिसली नसती. माझी तक्रार एकच: १९८ शिफारशींच्या गर्दीत मूळ धडा हरवतो.

म्हणून प्रोफॉर्मा बनवण्याआधी तीन ओळी लिहा: तुलना कशाशी, एकूण किती रुग्णांपैकी, आणि फरक दिसला तर सांगणार कोणाला? तिसरी ओळ कोरी असेल, तर आधी गाईडकडे जा. डेटा नंतर.