‘रक्तशुद्धी’ : शब्द आणि पुरावा

हृदयाची आकृती शिकवताना ‘शुद्ध रक्त’ आणि ‘अशुद्ध रक्त’ हे शब्द आपण शिक्षक वर्षानुवर्षे वापरत आलो. वास्तविक ‘अशुद्ध’ रक्तात घाण नसते. ऑक्सिजन कमी असतो, इतकेच. अतिदक्षता विभागातील ‘रक्तशुद्धी’ उपचारांविषयी वाचताना तीच गफलत पुन्हा होते, असे आम्हांला वाटते.

रक्त शरीराबाहेर आणून, गाळून परत सोडण्याची कल्पना नवी नाही. हॉलंडमध्ये विलेम कोल्फ यांच्या कृत्रिम मूत्रपिंडामुळे १९४५ मध्ये पहिला रुग्ण वाचला. मूत्रपिंडे निकामी झाली की युरिया व पोटॅशियम साचतात. डायलिसिसने ते निघतात. विषारी दारूतील मिथेनॉलही असेच काढता येते. येथे काय काढायचे, हे नक्की ठाऊक असते.

सेप्सिसमध्ये मात्र जंतुसंसर्गाला शरीराने दिलेली प्रतिक्रियाच अनावर होते. काही जीवाणूंच्या आवरणातील एंडोटॉक्सिन तिला भडकवते. पॉलिमिक्सिन बी हे प्रतिजैविक एंडोटॉक्सिनला धरून ठेवते. म्हणून ते तंतूंवर बसवून त्यांतून रक्त फिरवावे, म्हणजे रुग्ण वाचेल, असा हा तर्क. तर्क चांगला आहे. पण पुराव्याचे काय?

इटलीतील ‘युफास’ चाचणीचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. पोटातील संसर्गासाठी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांवर ती केली होती. २८ दिवसांत यंत्र लावलेल्या ३४ पैकी ११ दगावले, तर केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्या ३० पैकी १६. म्हणजे ३२ टक्के आणि ५३ टक्के! उरलेल्या रुग्णांना हा उपचार नाकारणे योग्य नाही, या विचाराने चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली.

हेतू चांगला होता, तरी आमचा आक्षेप येथेच आहे. फळ्यावर गणित करून पाहा. पहिल्या गटात तीन मृत्यू अधिक आणि दुसऱ्यात तीन कमी धरा. उत्तर येते ४१ आणि ४३ टक्के. फरक जवळजवळ नाहीसा! शिवाय यंत्र कोणाला लावले, हे डॉक्टरांना दिसत होते.

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उत्तर अमेरिकेतील ‘युफ्रेटीस’ चाचणीने या दोन्ही उणिवा भरून काढल्या. रुग्ण ४५० होते आणि दुसऱ्या गटासाठीही उपचार चालू असल्याचा देखावा केला होता. मृत्यूचे प्रमाण उपचारगटात ३७.७ टक्के, तर दुसऱ्या गटात ३४.५ टक्के निघाले. फायदा दिसला नाही. सेप्सिसविषयीच्या २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी हा उपचार न वापरण्याकडे कल दर्शवला.

अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या नातेवाइकांना ‘रक्त शुद्ध करू’ हे शब्द पटकन पटतात. पण त्यांनी दोन प्रश्न विचारायला हवेत : रक्तातून नेमके काय काढणार? आणि ते काढल्याने माणसे वाचतात, हे किती रुग्णांवर तपासले आहे? हे प्रश्न विचारण्याची सवय वर्गातच लागू शकते. त्याची सुरुवात म्हणून आपण ‘अशुद्ध रक्त’ हा शब्द सोडून ‘कमी ऑक्सिजन असलेले रक्त’ असे म्हणू या.