बोलतो तो नर, चावते ती मादी?

पक्षी पाळणाऱ्यांमध्ये एक यादी वर्षानुवर्षं फिरते आहे. तुमच्या घरी पिंजरा असेल तर तुम्ही ती नक्की ऐकली असणार. बोलतो, शीळ घालतो, मान वरखाली नाचवतो तो नर. चावते, कागद फाडते, कोपरा धरून बसते ती मादी. पाठीवर चढतो तो नर. आणि यादीच्या खाली हमखास एक वाक्य असतं, की हे म्हणे संशोधनातून सिद्ध झालंय.

आजची पोस्ट त्या शेवटच्या वाक्याबद्दल आहे. संशोधन झालंय, चांगलं झालंय. फक्त यादीवाल्यांनी ते उलटीकडून वाचलंय.

आधी एक खुलासा. आपल्याकडे दुकानात ‘लव्हबर्ड’ म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा बजरीगर असतं, म्हणजे ऑस्ट्रेलियातला छोटा पोपट. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले. कॉकाटिल पुन्हा ऑस्ट्रेलियातला. आणि आपला रानातला हिरवा पोपट पाळायला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, तेव्हा तो या चर्चेत नको. (राघू-मैनेची जोडी तर आपण दोन वेगळ्या जातींचीच लावून दिली आहे! मैना साळुंकीच्या कुळातली.) यादी मात्र या सगळ्यांना मिळून एकच असते, आणि तिथूनच घोळ सुरू होतो.

कागदाचंच घ्या. कॉर्नेल विद्यापीठातल्या विल्यम डिल्गर यांनी लव्हबर्डवर केलेलं काम 1962 साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये आलं. वर्तनशास्त्राच्या वर्गात ते अजूनही शिकवतात. पीचफेस नावाच्या जातीची मादी घरट्यासाठी कागदाच्या लांब पट्ट्या कापते आणि पाठीच्या खालच्या पिसांत खोचून नेते. फिशर जातीची मादी तेच सामान चोचीत धरून नेते. डिल्गर यांनी दोघांचा संकर केला. संकरित पिल्लं मोठी झाल्यावर पट्ट्या खोचायचा प्रयत्न करत, त्या पडत, पुन्हा प्रयत्न. चोचीतून नेणं नीट जमायला त्यांना वर्षं लागली. तरीही चोचीत उचलण्याआधी मान मागे वळवण्याची लकब राहिलीच.

आता यादीतला नियम बघा: ‘पट्ट्या खोचते ती मादी, खोचत नाही तो नर.’ तुमच्याकडे फिशर मादी असेल तर ती आयुष्यभर खोचणार नाही. म्हणजे नियमाप्रमाणे ती नर! शिवाय पीचफेस नरही कधी कधी खोचायचा खटाटोप करतात. डिल्गर यांना प्रत्येक पक्षी कुठल्या जातीचा हे माहीत होतं, त्यांचा प्रश्न वागणं वारशाने कसं येतं हा होता. लिंग ओळखायची युक्ती त्यांनी सांगितलेली नाही, ती आपण त्यांच्या नावावर खपवली.

बजरीगरची गोष्ट याहून मजेशीर आहे. 2000 साली हाइल, प्लमर आणि स्ट्रीडर यांनी दाखवलं की जोडी जमताना नर मादीच्या हाकेची नक्कल करतो आणि दोघांची हाक हळूहळू एकसारखी होते. बदलतो तो नर. यावरून ‘नक्कल करतो तो नर’ हा नियम सरळ निघतो असं वाटेल. पण त्याच वर्षी हाइल आणि स्ट्रीडर यांचा दुसरा निबंध आला. त्यात फक्त माद्यांना एकत्र ठेवलं होतं, आणि त्यांच्या हाकाही एकमेकींसारख्या झाल्या. म्हणजे नक्कल करायची क्षमता दोघांकडे आहे. ती कोण वापरेल हे सोबत कोण आहे त्यावर ठरतं. आता तुमच्या दिवाणखान्यातल्या एकट्या बजरीगरचा विचार करा. त्याच्या सोबत आहात तुम्ही, टीव्ही आणि कुकरची शिट्टी. अशा परिस्थितीवर यातला कुठलाच प्रयोग बोलत नाही.

पाठीवर चढण्याचंही तसंच. पिंजऱ्यात पर्याय नसला की दोन माद्या किंवा दोन नर जोडी करतात, एकमेकांना घास भरवतात, चढतातही. ‘जोडी’ म्हणून विकत घेतलेल्या दोघांत एक चढला म्हणून तो नर आणि उरलेली मादी, हा तर्क जोडी नर-मादीचीच आहे असं आधीच धरून चालतो. जे सिद्ध करायचं तेच गृहीत!

संशोधक आधी लिंग पक्कं करतो आणि मग विचारतो, नर काय करतात? आपण वागणं बघतो आणि विचारतो, हे करणारा नर आहे का? दोन्ही प्रश्न सारखे वाटतात, पण नाहीत. पोलीस बहुतेक खाकी घालतात म्हणून खाकीतला प्रत्येक माणूस पोलीस नसतो, रिक्षावालाही असतो.

यादीच्या बाजूनेही बोलायला हवं. प्रौढ कॉकाटिल लांबलचक, सुरेल शीळ रोज घालत असेल तर तो नर असण्याकडे माझंही मत झुकेल. बजरीगरमध्ये तर वागणं बघायची गरजच कमी पडते. चोचीच्या वरची, नाकपुड्यांभोवतीची त्वचा प्रौढ नरात निळी, मादीत पांढुरकी किंवा तपकिरी असते. पण पूर्ण पांढऱ्या किंवा पिवळ्या वाणांत नराची ती त्वचा गुलाबी-जांभळीच राहते. लोक यादीकडे वळतात ते नेमके अशाच वेळी, रंगाने दगा दिल्यावर.

मग इतकी वर्षं यादी टिकली कशी? समजा मी शंभर पक्ष्यांचं लिंग चक्क नाणं उडवून सांगितलं. निम्मे नर, निम्म्या माद्या धरू. पन्नास उत्तरं चुकतील, त्यांतल्या साधारण पंचवीस माद्यांना मी नर म्हटलेलं असेल. यातल्या समजा पाचांनी अंडं घातलं. पाच लोक तक्रार करतील. ज्या नरांना मी मादी म्हटलं त्यांचे मालक ‘अजून अंडं नाही, वय नसेल झालं’ म्हणून वाट बघतील. माझ्या कानावर शंभरात पाचच चुका येणार, आणि मी पंचाण्णव टक्के अचूक! अंडं घातलं तर मादी नक्की, पण न घातल्याने काहीच ठरत नाही.

आणि या पाच तक्रारींत गंमत वाटावी असं काही नाही. मादीला अंडं घालायला नराची गरज नसते. अंडं आत अडकलं तर ती पिसं फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसते, शेपटी हलवत जोर लावते. घरच्यांच्या लेखी तो ‘नर’ असेल तर अंड्याची शंका येत नाही. थंडी वाजली असेल म्हणून दिवा लावला जातो, हळद दिली जाते, आणि पशुवैद्याकडे न्यायचे तास निघून जातात.

खात्री हवी असेल तर डीएनए तपासणी आहे. पक्ष्यांत नराकडे दोन झेड गुणसूत्रं असतात, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. सीएचडी नावाचं जनुक दोन्हींवर असतं, पण त्याच्या मधल्या तुकड्याची लांबी वेगळी. म्हणून चाचणीत नराची सहसा एक रेघ दिसते, मादीच्या दोन. ग्रिफिथ्स आणि सहकाऱ्यांचा 1998 चा निबंध यासाठी कायम उद्धृत होतो. त्याच्या शीर्षकात ‘बहुतेक पक्षी’ असं लिहिलंय, ‘सगळे’ नाही. यादी लिहिणाऱ्यांनी एवढं तरी उचलायला हरकत नव्हती.

नमुना देताना पिंजऱ्याच्या तळाशी पडलेलं पीस उचलू नका, ते कुणाचं हे कळत नाही. मुळासकट ताजं पीस लागतं, ते पशुवैद्याकडूनच काढून घ्या. आणि दोन पक्षी असतील तर दोन वेगळी पाकिटं, दोन्हींवर नावं.